अण्णांनी ऐकलेलं यान

सई, ये, अशी जवळ सरक. फोनमधून कशी सरकणार म्हणा, पण मनानं तरी ये, आणि आधी चार बोलणी खा. "आजी, अण्णांविषयी दोन ओळी लिहून पाठवा, नाटकाच्या शेवटच्या भागाच्या आधी वाचून दाखवते," असा निरोप धाडलास. दोन ओळी? अगं, मी ब्लाऊज शिवणारी बाई. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही मी. अण्णा दोन ओळींत बसतील असं तुला वाटलंच कसं? तू त्यांना कधी पाहिलं नाहीस, नुसतं ऐकलंस, म्हणून तुला माफ. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी टाकून दिलेली मासिकं आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. तेव्हा शुद्धलेखन तुझं तू बघ, ओळी मात्र कापू नकोस.

मल्लेशम अण्णा आमच्या इमारतीत आले त्याला सहा वर्षं होऊन गेली असतील. त्याआधी त्यांचा सगळा जन्म सोलापूरच्या पूर्व भागात गेला, टॉवेल विणायच्या मागावर. मग कारखाना बंद पडला, माग भंगारवाल्यानं उचलले, आणि मुलानं, श्रीनिवासनं, त्यांना इकडं जुळे सोलापुरात आणलं. श्रीनिवास सरकारी कचेरीत कारकून. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, तळमजल्यावर माझी खोली. माझ्या खिडकीला लागून शिलाईचं मशीन आहे आणि खिडकीबाहेर लिंबाचं झाड. त्या झाडाखाली कुणीतरी टाकून दिलेली एक प्लास्टिकची खुर्ची होती. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी ती पुसून घेतली आणि बसले. ती त्यांचीच झाली.

पांढरा पायजमा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्यावर टॉवेल. तोही दुसऱ्या कुणी विणलेला चालायचा नाही. समोर माणूस आला की नाव विचारायच्या आधी त्याच्या बाहीचं कापड अंगठ्यात आणि बोटात धरायचे. चोळून बघायचे, सोडायचे. कापड बरं असलं तर "सरे" म्हणायचे. त्यांच्या तेलुगूत 'सरे' म्हणजे ठीक आहे. बरं नसलं तर काहीच बोलायचे नाहीत, आणि ते न बोलणं फार लागायचं बघ. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी नवा रेशमी झब्बा घालून आले होते, त्यांना अण्णा काही बोलले नाहीत. तो झब्बा मी पुन्हा पाहिला नाही.

कान त्यांचे मागाच्या धडधडीनं गेलेले. गेलेले म्हणजे अर्धे. बारीक आवाज एकही यायचा नाही: बायकांचं बोलणं, कुकरची शिट्टी, दाराची बेल, पाखरं. पण जाड, खालचा आवाज त्यांना आपल्यापेक्षा आधी यायचा. रस्त्याच्या वळणावर ट्रक असायचा तेव्हाच हे पाय जरा उचलायचे. "पायात येतंय," म्हणायचे. आणि बोलणं ऐकू येत नाही म्हणून अडलं का? मुळीच नाही. कारखान्यात माग चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथले सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरच्याला कळतं. पलीकडच्या भिंतीपाशी उभ्या माणसाशी हे लोक असा संसाराचा सगळा हिशोब बोलायचे.

मला हे ठाऊक नव्हतं. एकदा एक गिऱ्हाईक ब्लाऊजचं माप देऊन गेलं आणि मी मशीनवर बसून आपली पुटपुटले, "पोट आत ओढून माप देते, मग शिवण उसवली की माझ्या नावानं खडे." आवाज मलाही आला नसेल इतकं हळू. झाडाखालून अण्णा मोठ्यांदा म्हणाले, "मग दोन बोटं जादा धरा की अक्का. ती श्वास सोडणार हाय का न्हाई कदी तरी?"

ती बाई अजून फाटकातच होती. नंतर तिनं दुसरीकडं शिवायला टाकलं. आणि आमच्या इमारतीतल्या बायका अण्णा खुर्चीवर असले की पदरानं तोंड झाकून बोलायला लागल्या.

आता तुझं यान. माझ्या भाचीनं फोनमध्ये तू पुण्यात बसून केलेली 'लांबची वस्ती' लावून दिली. म्हणाली, मावशी, टीव्ही बघत शिवतेस आणि बोटात सुई घालून घेतेस, त्यापेक्षा हे ऐकण्यातलं नाटक बरं. मला पहिल्या भागातच धरलं बघ त्यानं. शंभर माणसं गारठलेल्या पेट्यांत झोपलीत, दूरच्या ग्रहावर पोचली की उठणार, आणि यामिनी एकटी जागी राहून यान सांभाळतेय. बाहेर काळोख, आत तिची पावलं आणि खाली इंजिनाचा आवाज. दुपारी रस्ता असा पांढरा होऊन वितळत असतो, कुणी चिटपाखरू नसतं, लिंबाची सावली तेवढी भिंतीवर हलते. त्या वेळी ऐकलं की खरंच वाटतं, आपणच कुठंतरी निघालोय आणि बाकीचे सगळे झोपलेत.

यामिनीचं बोलणं मी तिच्याबरोबर आपोआप म्हणत असायचे. अण्णा बघत होते. एका दुपारी खुर्ची उचलून खिडकीशी आले.

"काय बोलायलाव अक्का, एकट्याच?"

"नाटक आहे अण्णा. तुम्हाला ऐकू नाही यायचं."

"मला कशाला ऐकू याला पायजे? तुमी हाय की."

तिथून मी त्यांचे कान झाले. एक वाक्य ऐकायचं, फोन थांबवायचा, त्यांच्याकडं तोंड करून ओठांनी सांगायचं. तुझा अर्ध्या तासाचा भाग आम्हाला चहा धरून दोन तास पुरायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय दिसत असेल सांग. एक म्हातारी खिडकीच्या आत नुसते ओठ हलवतेय आणि एक म्हातारा बाहेरून तिच्या तोंडाकडं टक लावून बसलाय. समोरच्या बायकांनी काय काय बोलून घेतलं असेल ते असो.

आणि ऐकून गप्प बसतील तर ते अण्णा कसले. मध्येच हात वर करायचे. माग थांबवायची खूण ती. मग सुरू. "हिला भाकरी कोन करून देतंय?" "एवढ्या लोकांची अंथरुनं कुनी इनली?" तिसऱ्या भागात यामिनीच्या हातातला चमचा सुटतो आणि हवेत तसाच तरंगत पुढं जातो, आठवतं ना. ते सांगितल्यावर अण्णा वर लिंबाकडं बघत राहिले.

"म्हंजे अक्का, तितं धोटा येकदा फेकला की झालं?"

धोटा म्हणजे मागावर आडवा सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो. मी म्हटलं, झालं असेल.

"थांबतच न्हाई? टोला माराय नको, काय नको? मग कापड केवढं रुंद हुईल." त्यांनी दोन्ही हात पसरले, खुर्चीच्या बाहेर, आणखी बाहेर. "हितनं पार तितंपर्यंत. येकच टॉवेल." मग हात खाली आणले. "पर त्या टोकाला येक मानूस पायजे. धोटा परत फेकाय."

हे सगळं आम्ही तुला पाठवत होतो. भाग संपला की तुझी ती बाई सांगते ना, तुम्हाला काय वाटलं ते बोलून या नंबरवर धाडा. अण्णा फोन तोंडासमोर आरशासारखा धरायचे आणि कारखान्यातल्या आवाजात बोलायचे. पहिला निरोप ऐकून तुला वाटलं कुणीतरी भांडायलाय, हे तू नंतर सांगितलंस. पण तू उत्तर दिलंस, आणि पुढच्या भागावर अण्णा काय म्हणतात म्हणून वाट बघायला लागलीस. ते उत्तर मी ओठांनी वाचून दाखवलं तेव्हा अण्णांनी माझ्या हातातल्या कापडाची बाही धरली, सोडली आणि म्हणाले, "सरे."

चौथ्या भागात एक म्हातारा प्रवासी चुकून आधीच जागा होतो आणि यामिनीला त्याला परत पेटीत झोपवायचं असतं. अण्णांना ते पटलंच नाही. "कशाला झोपीवतीस गं? जागा हाय तर राहू दे की. दोगं मिळून चालवतील." हेच फोनमध्ये बोलले. तू पाचव्या भागात म्हाताऱ्याला जागं ठेवलंस. ते अण्णांमुळं की तुझं आधीच ठरलं होतं, मी कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

खरी गोष्ट पाचव्या भागाची. त्यात इंजिनाचा आवाज पहिल्यांदा पुढं येतो, बोलणं थांबतं आणि बराच वेळ तोच चालतो. फोन माझ्या मशीनच्या फळीवर ठेवला होता. अण्णांनी खिडकीतून हात आत घातला आणि तळवा फळीवर टेकवला. डोळे मिटले. मी सांगत असताना त्यांनी डोळे मिटले असं याआधी कधी झालं नव्हतं.

"ह्यो माग हाय," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातावर टिचकी मारली, डोळे उघडले तेव्हा म्हटलं, "अण्णा, हे यान आहे."

"यान तुमच्यासाठी. माग हाय. माझा हाय. नऊ नंबर." आणि बोटानं फळीवर ठेका धरला. "दर फेऱ्याला येका अंगाला दबतोय. कळलं? धड, धड, मग जरा बसतो. त्या अंगाचं बेरिंग खाल्लंय. मी मालकाला सांगून सांगून दमलो. म्हयन्याभरात थांबनार ह्यो." मग माझ्याकडं बघितलं, आणि सई, तो चेहरा मी तुला कसा लिहून दाखवू. "म्हंजे भंगारात न्हाई गेला, अक्का. कुटंतरी चालू हाय."

घरी जाऊन त्यांनी श्रीनिवासला सांगितलं. माझा माग चालू आहे, पुण्याच्या पोरीनं त्याचा आवाज घेतलाय. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता निघाले आणि उन्हातून पायी थेट पूर्व भागात गेले, जुन्या कारखान्याच्या जागी. तिथं आता लग्नाचा हॉल आहे. हॉलच्या रखवालदाराला विचारत बसले, नऊ नंबर कुठं नेला. एका रिक्षावाल्यानं ओळखलं म्हणून घरी आणून सोडलं.

श्रीनिवास संध्याकाळी माझ्याकडं आला. वाईट मुलगा नाही हं तो. घाबरलेला होता.

"काकू, तुम्ही तरी त्यांना हे यानाचं लावू नका. परवा गॅस चालू ठेवून खाली आले. डॉक्टर म्हणतात, सुरुवात अशीच होते, एक वस्तू दुसरीच वाटायला लागते."

"अरे, पण तो आवाज..."

"मोबाइलमधल्या यानात त्यांचा माग आहे, हे तुम्हाला पटतं?"

मी खाली बघून शिवण पुढं सरकवली. त्यानं वर जाऊन अण्णांच्या चपला माळ्यावर टाकल्या. अनवाणी कुठं जातील, ऊन कसलं आहे, एवढाच त्याचा विचार. अण्णा तेवढे जिन्यानं अनवाणी खाली यायचे आणि झाडाखाली बसायचे. फाटकाबाहेर नाही.

"अक्का, त्या पोरीला इचारा," म्हणाले. "आवाज कुटनं आनला. ती सांगंल. मग कळंल सगळ्यांस्नी, माझं डोस्कं ठिकान्यावर हाय का न्हाई." मग थोड्या वेळानं, "चाळीस वरीस आइकलाय मी त्यो. ह्ये बी चुकलं, तर मग माझं काय बरोबर हाय?"

म्हणून मी तुला विचारलं. आणि तुझं उत्तर आलं. हसत हसतच बोललीस तू, तुला काय ठाऊक. म्हणालीस, "आजी, अण्णांना सांगा, ते आमच्या खोलीतलं कपडे धुवायचं मशीन आहे. त्यावर फोन ठेवून आवाज घेतला आणि त्याचा वेग कमी केला."

अण्णा समोर बसलेले. फोन माझ्या कानाशी. मी ऐकलं आणि नकळत पदर तोंडावर गेला माझा.

"पदर काढा," अण्णा म्हणाले.

मी मान हलवली.

"कारखान्यात तोंड झाकून कोन बोलतंय ठाव हाय? ज्येला दुसऱ्याला फसवायचं असतंय त्यो. काढा अक्का."

त्या क्षणी मला वाटलं, खोटं सांगावं. ओठच तर हलवायचेत. नऊ नंबर आहे म्हणावं, पुण्याजवळ कुठंतरी चालू आहे म्हणावं. कुणाचं काय जातं? पण वाक्य न वाक्य माझ्या तोंडावरून घेणारा माणूस होता तो. तिथं खोटं घालायचं धाडस झालं नाही. पदर काढला आणि सांगितलं. कपडे धुवायचं मशीन.

त्यांनी परत सांगायला लावलं. परत सांगितलं. मग उठले, खुर्ची झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवली आणि वर गेले.

आठ दिवस आले नाहीत. सून म्हणायची, खातात, झोपतात, पण कुणाच्या तोंडाकडं बघत नाहीत. तोंडाकडं बघायचं नाही म्हणजे त्यांच्यापुरतं ऐकायचंच नाही की गं. मीही फोन लावला नाही. शिवणीला हात घातला की उलटं शिवून बसायचे. बाहेर ती रिकामी खुर्ची, आत मी. खरं बोलले म्हणून एवढं कुणाचं वाटोळं होत असेल, तर खरं कशाला बोलायचं, असं येत होतं मनात.

नवव्या दिवशी तुझा निरोप आला. तुला आठवतं, तू किती घाईनं बोलत होतीस? ते कपडे धुवायचं मशीन अचानक बंद पडलं. दुरुस्तीवाला आला, उघडून बघितलं आणि म्हणाला, ताई, एका अंगाचं बेअरिंग खाल्लं गेलंय, महिनाभर तरी आवाज बदललेला असणार, तुम्हाला कळलं नाही? मग म्हणालीस, "आजी, मला नाही कळलं. अण्णांना कळलं होतं."

मी सुई तशीच ब्लाऊजात टोचून ठेवली आणि वर गेले. गुडघ्यांनी किती शिव्या दिल्या त्या सांगत नाही. श्रीनिवास नुकताच कचेरीतून आला होता, बूटही काढले नव्हते. मी फोन मोठ्यानं लावला. त्यानं एकदा ऐकलं. म्हणाला, परत लावा. अण्णा पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसलेले.

मी सांगायला पुढं झाले, तर श्रीनिवासनं मला हातानं थांबवलं. हा मुलगा वडिलांशी नेहमी दुसऱ्या खोलीतून ओरडून बोलायचा. त्या दिवशी तो बुटांसकट फरशीवर त्यांच्यासमोर उकिडवा बसला, गुडघ्याला हात लावून तोंड आपल्याकडं वळवून घेतलं आणि ओठांनी सांगितलं. सावकाश. आवाज न काढता. लहानपणी कारखान्यात डबा घेऊन जायचा तेव्हा शिकला असणार. त्याला ते येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "बदललं का बेरिंग?"

"बदललं."

"सरे." मग म्हणाले, "माग न्हवता. ती माझी चूक. पर दुखनं बरोबर वळखलं."

"व्हय अण्णा," श्रीनिवास म्हणाला. "बरोबर वळखलं."

कचेरीत शुद्ध बोलणारा मुलगा, पण त्या वेळी तोंडात हेच आलं. सकाळी चपला माळ्यावरून खाली आल्या होत्या. नुसत्या आल्या नव्हत्या, पुसून दाराशी ठेवलेल्या होत्या.

पुढचं तुझंच काम. शेवटच्या भागात यान पोचणार, तेव्हा त्याला खऱ्या मागाचा आवाज लावायचाय, म्हणून तू अण्णांकडं एक चांगला चालणारा माग मागितलास. बाई गं, त्यांच्या पायाला काय भिंगरी लागली. रोज सकाळी न्हाऊन, टॉवेल टाकून निघायचे. पूर्व भागात अजून चालू आहेत तेवढे कारखाने एकेक करून बघायचे. मागाच्या लाकडावर तळवा ठेवून उभे राहायचे म्हणे. दुपारी मला येऊन सांगायचे. "ह्यो तापट हाय." "ह्येला झोप यायलीय." "ह्यो बरा हाय, पर यानाला न्हाई चालायचा. उतरताना धीर पायजे." मालक लोक आधी हसले, मग तेच चहा पाजायला लागले. एकानं तर त्यांच्याकडून आपल्या सगळ्या मागांची नाडी बघून घेतली.

आता शेवटचं. त्या दिवशी मी भाजी घेऊन परत येत होते. मोठा रस्ता आडवा आलेला, मधून ट्रॅक्टर, दुचाक्या, शाळेच्या रिक्षा. पलीकडं अण्णा. सिटी बसमधून नुकतेच उतरलेले, चपला धुळीनं भरलेल्या, खांद्यावर टॉवेल. मला बघितलं त्यांनी. हाक मारली नाही. तिथंच उभे राहिले आणि ओठ हलवले. इतक्या दिवसांत मी त्यांच्यासाठी बोलायला शिकले होते, पण वाचायला कधी शिकले, मला कळलंच नव्हतं. एवढ्या गोंगाटात, मधून गाड्या जात येत असताना, मला ते स्वच्छ ऐकू आलं. "सापडला अक्का." मग एक ट्रॅक्टर मध्ये आला. तो गेला तेव्हा अण्णा दोन्ही हात पसरून उभे होते. एखादं भलंमोठं कापड कुणाला उलगडून दाखवावं तसे.

संध्याकाळी त्यांनी कारखाना सांगितला, माग सांगितला, मालकाशी बोलणं झाल्याचं सांगितलं. रविवारी तू येणार होतीस. शुक्रवारी पहाटे ते झोपेतच गेले. तू फोनवर रडलीस आणि मग आलीच नाहीस. श्रीनिवासला काय तोंड दाखवू म्हणालीस. अगं, तोंडच तर दाखवायचं असतं त्या घरात.

मी जाऊन आले, सई. श्रीनिवासनं नेलं मला गाडीवरून. माग चालू आहे. मालक म्हणाला, एवढी ऑर्डर होईपर्यंत ठेवतो, पुढचं सांगता येत नाही, बाजूचे चार आत्ताच उचलून नेले. मी तळवा ठेवून बघितला. मला अण्णांएवढं काय कळणार, पण घाई नव्हती त्याच्यात, एवढं कळलं.

तेव्हा दोन ओळी राहू देत. तुझं ते आवाज घ्यायचं यंत्र घे आणि ये. सकाळच्या गाडीनं निघालीस तर दुपारी पोचशील, मी भाकरी आणि शेंगाची चटणी करून ठेवते. जेवून श्रीनिवासबरोबर जाऊ. त्यानं रजा राखून ठेवलीय, तुझा दिवस कळला की टाकतो म्हणालाय. माग चालू आहे तोवर ये, बाळा. लवकर ये.